बेस एक, अँप दोन

बेस गिटारवर बोटं चालायला लागली आणि एखाद्या बँडबरोबर उभं राहायची वेळ आली, की बहुतेक नवे वादक एक प्रश्न विचारतात. कीबोर्डचा आवाज डावीकडून उजवीकडे पसरलेला असतो, गिटारवाले दोन-दोन अँप लावतात, मग बेसच एका पेटीतून का वाजवायचा? आणि दोन अँप लावले तर आवाज दुप्पट मोठा येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: नाही. तोच आवाज दोन सारख्या अँपमधून काढला की शक्ती दुप्पट होते, पण आवाज वाढतो साधारण ३ डेसिबलने. स्पीकरच्या पेट्या एकमेकींना चिकटून ठेवल्या, तर खालच्या स्वरांत ही वाढ फार तर ६ डेसिबलपर्यंत जाते. कानाला 'दुप्पट' वाटायला मात्र अंदाजे १० डेसिबल लागतात. नुसत्या मोठ्या आवाजासाठी दुसरा अँप वाहून नेणं हा महागाचा सौदा आहे.

दोन अँपचा खरा फायदा कामाच्या वाटणीत आहे. कोणतं काम कोणाकडे द्यायचं हे ठरवण्यासाठी बेसचा एक स्वर उलगडून पाहावा लागेल.

१. एका स्वरात किती स्वर असतात?

चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली, की ती सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. याला ४१ हर्ट्झ म्हणतात. पुढच्या तीन तारा ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या. हे झाले मूळ स्वर. पण कोणतीही तार फक्त मूळ स्वर देत नाही. ४१ बरोबर ८२, १२४, १६५, २०६ असे त्याच्या पटीतले स्वरही त्याच क्षणी निघतात. तंबोरा लावणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. खर्जाची तार छेडल्यावर जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो याच मालिकेतला पाचवा स्वर. बेसच्या तारेतही तो असतो.

म्हणजे बेसच्या एका आघातात दोन गोष्टी असतात. खाली पोटात घुमणारा मूळ स्वर आणि वर बोटाचा टणत्कार, तारेची धार, स्वर नेमका कोणता हे सांगणारे वरचे अंश. हे वरचे अंश किती महत्त्वाचे आहेत, ते मोबाइलवर गाणं ऐकताना कळतं. मोबाइलचा चिमुकला स्पीकर ४१ हर्ट्झ वाजवूच शकत नाही. तरीही बेसची चाल आपल्याला कळते, कारण वाजणाऱ्या वरच्या अंशांमधलं समान अंतर पाहून मेंदू न वाजलेला मूळ स्वर स्वतः भरून काढतो. वजन खालच्या भागात असतं, ओळख वरच्या भागात.

२. खालच्या आवाजाला दिशा का नसते?

आवाज कुठून आला हे आपण दोन कानांच्या मदतीने ओळखतो. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी आणि थोडा मोठा ऐकू येतो, डाव्या कानाला जरा उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाचा सुमारे दोन-तृतीयांश. एवढा बारीक फरक मेंदू टिपतो.

आता तरंगलांबी पाहू. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ३४३ ला ४१ ने भागा, उत्तर ८ मीटरहून थोडं जास्त. बेसच्या सर्वांत खालच्या स्वराची एक लाट एवढी लांब असते. तिच्यापुढे माणसाचं डोकं म्हणजे काहीच नाही. ती डोक्याला वळसा घालून दोन्ही कानांवर जवळजवळ सारखीच पोचते. शिवाय खोली भिंतींनी वेढलेली असली की ही लाट परतून परतून सगळीकडे भरते. म्हणूनच साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा आवाज नेमका कुठून येतोय, हे बंद जागेत सांगता येत नाही. हजार हर्ट्झची लाट मात्र जेमतेम ३४ सेंटिमीटरची. तिची दिशा कान सहज ओळखतो.

यातून एक नियम निघतो: डावं-उजवं पसरवण्यात जी काही मजा आहे, ती बेसच्या वरच्या भागात आहे. तळाचा आवाज डावीकडे ठेवा की उजवीकडे, ऐकणाऱ्याला तो सगळीकडूनच येतो.

ग्रामोफोनच्या तबकड्यांनीही हाच नियम घालून दिला होता. स्टिरिओ तबकडीत दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज सुईला आडवं हलवतो आणि दोन बाजूंमधला फरक तिला वर-खाली हलवतो. खालच्या स्वरांत मोठा फरक ठेवला, तर खाच कुठे फार खोल, कुठे फार उथळ होते आणि सुई उडते. म्हणून तबकडी कापणारे तंत्रज्ञ बेस मधोमध ठेवत. ती सवय आजच्या डिजिटल ध्वनिमुद्रणातही टिकली आहे.

३. 'स्टिरिओ बेस' म्हणजे नेमकं काय?

या एकाच नावाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली: एकच सिग्नल फोडून दोन अँपना देणं. हा स्टिरिओ नाहीच, हा दोनदा वाजवलेला मोनो आहे. दोन अँपचे स्वभाव वेगळे असतील तर रंग मिसळता येतात, एवढाच त्याचा उपयोग.

दुसरी: बेसवरच्या दोन पिकअपचे आवाज वेगळे काढून वेगवेगळ्या अँपना देणं.

तिसरी: कोरससारखा इफेक्ट लावून एका अँपमधून साधा आणि दुसऱ्यातून बदललेला आवाज काढणं. रोलंड कंपनीचा १९७५ चा जेसी-१२० हा अँप याच युक्तीवर उभा आहे. त्याच्या एका स्पीकरमधून साधा आवाज येतो, दुसऱ्यातून किंचित डोलणाऱ्या सुराचा, आणि दोन्ही हवेत मिसळतात. गिटारवर हे सुंदर लागतं. बेसच्या तळाला लावलं तर पायाच डळमळतो.

चौथी: आवाजाचा खालचा आणि वरचा भाग वेगळा करून दोन अँपना वाटून देणं. याला बाय-अँपिंग म्हणतात.

यातली दुसरी आणि चौथी वाट बेससाठी खरी उपयोगाची. त्या दोन्ही नीट पाहू.

४. एका तारेवर दोन कान

पिकअप म्हणजे तारेखाली बसवलेलं चुंबक आणि त्याभोवतीचं तांब्याच्या तारेचं वेटोळं. वर पोलादी तार हलली की वेटोळ्यात वीज निर्माण होते. त्या ठिकाणी तार जशी हलते, तसा आवाज पिकअप उचलतो.

बेस हातात असेल तर आत्ताच पाहा. सर्वांत जाड तार मोकळी छेडा आणि बाराव्या पडद्यापाशी नजर लावा. तार रुंद पट्ट्यासारखी धूसर दिसेल. आता नजर सरकवत ब्रिजकडे, म्हणजे तार जिथे बांधली आहे त्या टोकाकडे न्या. पट्टा अरुंद होत जातो आणि ब्रिजपाशी तार जवळजवळ स्थिर दिसते. मूळ स्वराचं कंपन मध्याला सर्वांत मोठं आणि टोकाला शून्य असतं. वरचे अंश मात्र टोकाजवळही त्या मानाने जोरात असतात. म्हणून मानेजवळचा पिकअप भरदार, गोल आवाज देतो आणि ब्रिजजवळचा पिकअप टोकदार, धारदार. एकाच तारेचं दोन ठिकाणी ऐकलेलं हे म्हणणं आहे.

कॅलिफोर्नियातल्या रिकनबॅकर कंपनीने याचा फायदा घेतला. १९६१ मध्ये आलेल्या त्यांच्या ४००१ या बेसवर दोन पिकअप होते आणि पुढे त्यावर 'रिक-ओ-साउंड' नावाची सोय आली. एका साध्या सॉकेटशेजारी दुसरं स्टिरिओ सॉकेट आणि त्यातून दोन पिकअपचे दोन वेगळे आवाज. कॅनडाच्या 'रश' या बँडचा गेडी ली १९७० च्या दशकात आपला रिकनबॅकर असाच दोन अँपमधून वाजवत असे. लंडनच्या 'येस' बँडचा ख्रिस स्क्वायर याच्याकडे इंग्लंडसाठी बनवलेलं, फक्त मोनो सॉकेट असलेलं मॉडेल होतं. त्याने ते उघडून स्टिरिओ करून घेतलं. त्याचा तो खणखणीत तरीही भक्कम आवाज आजही बेसवादक शोधत असतात.

अमेरिकेचा बिली शीहान याने हीच कल्पना स्वतःच्या फेंडर प्रिसिजनवर राबवली. मानेपाशी एक जादा पिकअप बसवला आणि त्याला वेगळं सॉकेट दिलं. पुढे यामाहाने त्याच्यासाठी बनवलेल्या अॅटिट्यूड बेसवरही दोन सॉकेट आली. या सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं: तळ स्वच्छ राहिला पाहिजे आणि वरच्या भागाला हवा तेवढा खरखरीत रंग देता आला पाहिजे.

५. वर-खाली वाटणी

ज्या बेसला एकच सॉकेट आहे, त्याचं काय? तिथे क्रॉसओव्हर कामाला येतो. हे उपकरण एक कंपनसंख्या ठरवून आवाज दोन भागांत वाटतं. गणेशोत्सवाच्या मांडवात साऊंडवाल्यांचं सामान लागताना पाहिलंत, तर हीच रचना दिसते. खाली 'बेस'च्या मोठ्या पेट्या, वर 'टॉप', दोघांना वेगळे अँप, आणि सगळ्यांच्या आधी रॅकमध्ये क्रॉसओव्हर. इंग्लंडच्या 'द हू' बँडचा जॉन एन्टविसल याने बेस गिटारसाठी हीच वाटणी रंगमंचावर आणली.

वाटणीने काय साधतं, ते एका हिशेबातून पाहू. समजा, बेसच्या खालच्या भागाला स्पीकरवर ८० व्होल्टची कमाल उंची लागते आणि वरच्या भागाला ४० व्होल्टची. दोन्ही एकाच अँपमधून गेले, तर वरची लाट खालच्या लाटेच्या पाठीवर बसते आणि अँपला १२० व्होल्टपर्यंत जावं लागतं. ८ ओहमच्या स्पीकरसाठी याचा अर्थ ९०० वॉटचा अँप. अँप लहान असेल तर लाटेचा माथा कापला जातो, आणि माथ्यावर बसलेला असतो तो नेमका वरचा, ओळख सांगणारा भाग.

आता दोन अँप घ्या. ८० व्होल्टसाठी ४०० वॉट पुरतात, ४० व्होल्टसाठी १००. एकूण ५००. जे काम एकट्याला ९०० वॉट लागून करावं लागलं असतं, ते दोघांनी ५०० वॉटमध्ये केलं, आणि कोणाचाही माथा कापला गेला नाही.

दुसरा लाभ रंगाचा. डिस्टॉर्शनचा पेडल पूर्ण आवाजावर लावला की तळ पातळ होतो, हा अनुभव जवळपास प्रत्येक बेसवादकाला येतो. वाटणी केली की डिस्टॉर्शन फक्त वरच्या अँपवर लावता येतं. खालचा अँप साधा, स्वच्छ आणि ठाम राहतो. ब्रायटनच्या 'रॉयल ब्लड' या दोघांच्याच बँडमध्ये गिटारवादक नाही. माइक कर बेसचा आवाज फोडून गिटारच्या आणि बेसच्या अँपना देतो, आणि ऐकणाऱ्याला दोन वाद्यं वाजल्यासारखी वाटतात.

वाटणी कुठे करायची? सुरुवातीला २०० हर्ट्झच्या आसपास ठेवा आणि मग कानाने हलवा. क्रॉसओव्हरवर 'दर सप्तकाला २४ डेसिबल' असं लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ असा: २०० च्या खाली एक सप्तक, म्हणजे १०० हर्ट्झला, वरच्या अँपकडे जाणारी शक्ती सुमारे अडीचशेव्या भागावर येते. वरच्या अँपचा लहान स्पीकर यामुळे सुरक्षित राहतो.

६. दोघे मिळून आवाज कमी का करतात?

दोन अँप लावले आणि आवाज मोठा होण्याऐवजी पोकळ झाला, ही तक्रार नेहमीची. कारण आहे फेज.

झोपाळ्यावर मूल बसलंय आणि दोघे जण त्याला झोका देतायत. दोघांनी एकाच वेळी ढकललं तर झोका उंच जातो. एकाने ढकलायच्या वेळी दुसऱ्याने अडवलं, तर झोपाळा जागीच थांबतो, आणि ताकद मात्र दोघांची खर्च होते. दोन स्पीकर हवेच्या बाबतीत हेच करतात. एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जात असेल, तर खालचे स्वर एकमेकांना पुसून टाकतात.

याची तीन कारणं नेहमी सापडतात. एक, स्पीकरच्या वायरींची टोकं उलट जोडलेली असतात किंवा एखादा अँप मुळातच सिग्नल उलटा करतो. दोन, स्पीकर पुढे-मागे ठेवलेले असतात. १०० हर्ट्झची लाट ३.४ मीटरची, तिचा अर्धा भाग १.७ मीटर. ऐकणाऱ्यापासून एक पेटी दुसरीपेक्षा १.७ मीटर लांब असेल, तर त्या जागी १०० हर्ट्झ जवळजवळ नाहीसा होतो. तीन, डिजिटल पेडलचा उशीर. ५ मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे १०० हर्ट्झच्या लाटेचा बरोबर अर्धा भाग. पेटी तेवढी मागे सरकवल्याचाच परिणाम.

तपासणी सोपी आहे. दोन्ही पेट्या शेजारी ठेवा, जाड तार वाजवा आणि फेज उलटवण्याचं बटण दाबून पाहा. ज्या स्थितीत तळ जास्त भरदार लागतो, ती बरोबर. बटण नसेल तर एका पेटीच्या स्पीकर वायरची दोन टोकं अदलाबदल करून ऐका, पण अँप बंद करूनच.

७. गुणगुण आणि अर्थिंग

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे दोन अँप जोडताच सुरू होणारी सततची घरघर. दोन्ही अँपना विजेच्या बोर्डातून अर्थिंग मिळतं आणि सिग्नलच्या केबलीही त्यांना एकमेकांशी जोडतात. त्यामुळे अर्थिंगचा एक वेढा तयार होतो आणि विजेची ५० हर्ट्झची गुणगुण त्यात शिरते. आपल्याकडचे हे ५० हर्ट्झ बेसच्या जाड तारेवर तिसऱ्या पडद्याच्या ४९ हर्ट्झच्या अगदी शेजारी पडतात. ती गुणगुण इक्वलायझरने कापायला गेलात, तर वाद्याचाच स्वर कापला जाईल.

उपाय दोन. दोन्ही अँप एकाच पॉवर बोर्डवर लावा. तरीही गुणगुण राहिली, तर आतमध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला एबीवाय बॉक्स, म्हणजे एक सिग्नल दोन अँपना वाटून देणारा डबा, वापरा. त्यात एका अँपकडे जाणारा सिग्नल चुंबकाच्या वाटेने पलीकडे जातो आणि अर्थिंगचा वेढा तुटतो.

आपल्याकडच्या कार्यक्रमांत तिसरा एक 'उपाय' सर्रास केला जातो: प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायची. हे कधीही करू नका. गुणगुण थांबेल, पण अँपमध्ये बिघाड झाला तर त्याचा पत्रा, गिटारच्या तारा आणि तुमचे हात विजेच्या वाटेत येतील. समोर माइकला ओठ लागले की ती वाट पूर्ण होते. रंगमंचावर वादक असे दगावले आहेत.

८. जोडताना एवढं पाळा

स्टिरिओ सॉकेटमध्ये साधी मोनो केबल घालू नका. स्टिरिओ प्लगवर टोक, मधलं कडं आणि दांडा असे तीन भाग असतात. मोनो प्लगला मधलं कडं नसतं. तो आत गेला की कड्याची जागा दांड्याला, म्हणजे अर्थिंगला टेकते आणि एक पिकअप मुका होतो. वाद्य बिघडलं असं समजून पुष्कळ जण दुरुस्तीला धावतात.

एका स्पीकरला दोन अँपचे आउटपुट कधीही जोडू नका. एक अँप दुसऱ्याच्या आउटपुटमध्ये वीज ढकलतो आणि दोन्ही जळू शकतात. प्रत्येक अँपला त्याची स्वतंत्र पेटी हवी. एका अँपला ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या, तर भार ४ ओहम होतो. अँपवर लिहिलेल्या किमान आकड्याच्या खाली जाऊ नका. व्हॉल्व्हचा अँप स्पीकर न जोडता चालू करू नका.

आवाज लावताना आधी फक्त खालचा अँप चालू करा आणि ड्रमच्या किकबरोबर त्याची पातळी ठरवा. मग वरचा अँप हळूहळू वाढवत न्या. बोटांचा आघात स्पष्ट झाला की थांबा.

९. समोरच्या श्रोत्याला काय मिळतं?

रंगमंचावर छान पसरलेला आवाज हॉलमध्ये तसाच पोचेल, असं नाही. डाव्या कोपऱ्यातल्या श्रोत्याला मुख्यतः डावा स्पीकर ऐकू येतो. एक पिकअप पूर्ण डावीकडे आणि दुसरा पूर्ण उजवीकडे टाकला, तर हॉलच्या प्रत्येक बाजूला अर्धीच बेस गिटार मिळेल. म्हणून साऊंड इंजिनियरला दोन वेगळ्या लाइन द्या आणि तळाची लाइन मधोमध ठेवायला सांगा. वरची लाइन किंचित बाजूला गेली तर चालेल.

अमेरिकेतल्या 'ग्रेटफुल डेड' या बँडने १९७४ मध्ये हा प्रश्न मुळापासून सोडवून पाहिला. त्यांच्या 'वॉल ऑफ साउंड' या ध्वनिव्यवस्थेत प्रत्येक वाद्याला स्वतःचे स्पीकर होते, आणि फिल लेशच्या बेसच्या चारही तारांचे आवाज चार वेगळ्या वाटांनी वेगवेगळ्या स्पीकरकडे पाठवता येत होते. सगळी भिंत वादकांच्या मागे उभी असल्यामुळे श्रोता कुठेही बसला, तरी त्याला सगळ्या तारा ऐकू यायच्या. ती भिंत वाहून नेणं आणि उभी करणं इतकं खर्चाचं होतं, की त्याच वर्षी ती गुंडाळावी लागली.

आपल्याला भिंत उभी करायची नाही. छोट्या हॉलमध्ये एक चांगला अँप आणि नीट लावलेला इक्वलायझर पुरेसा असतो. पहिला खर्च तिथेच करा. डिस्टॉर्शन वापरताना तळ हरवू लागला, किंवा जोरात वाजवताना स्वराची ओळख पुसली जाऊ लागली, की दुसरा अँप आणा. तेव्हा तळ एकाच अँपकडे, मध्यभागी आणि स्वच्छ ठेवा. रंग, पसारा, खरखर, जे काही करायचं ते वरच्या अँपवर करा. आणि दोन्ही अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन जागेवर आहे की नाही, हे पहिला स्वर वाजवण्याआधी स्वतः पाहून घ्या.